दाढेतलं कॉम्पोझिट तळाशी गळू नये म्हणून: क्लास टू फिलिंगचा क्रम

दाढेतलं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग) गळत असतं, म्हणजे त्याच्या कडेच्या फटीतून लाळ आत शिरत असते, तेव्हा वरून बहुतेक वेळा काही कळत नाही. रंग जुळलेला असतो, खाचा नीट उतरलेल्या असतात, चावाही बरोबर असतो. पुढे कधीतरी बाइटविंग एक्स-रे (दाढांच्या मधल्या जागा दाखवणारा) काढला जातो आणि दोन दातांच्या मध्ये, बॉक्सच्या (फिलिंगसाठी तिथे खाली कोरलेल्या भागाच्या) तळाशी काळी सावली दिसते. त्या जागेला तीन अडचणी एकदम भेटतात: इनॅमल (दाताचं बाहेरचं कडक कवच) तिथे सगळ्यात पातळ असतं, लाळ आणि रक्त सगळ्यात जवळ असतं आणि क्युअरिंग लाइट (कॉम्पोझिट क्युअर, म्हणजे कडक करणारा दिवा) सगळ्यात लांब असतो.

नेहमीचं कॉम्पोझिट क्युअर होताना आकारमानाने साधारण १.५ ते ३ टक्के आकसतं. ते थांबवता येत नाही. कडेची पकड त्या ताणाला पुरून उरली तर फिलिंग बंद राहतं, नाहीतर तळाची कड सुटते. महागडं मटेरियल आणून हा प्रश्न सुटत नाही. आधीच्या पायऱ्या घाईने उरकून सगळं लक्ष वरच्या घडणीवर देणं, ही खरी चूक आहे.

खालचा क्रम एका नेहमीच्या केसवर बेतला आहे: खालची पहिली दाढ, पुढच्या बाजूने कीड, एमओ पोकळी, म्हणजे दाताची पुढची बाजू आणि चावण्याचा पृष्ठभाग मिळून झालेली. दोन दातांमधल्या बाजूपर्यंत गेलेल्या अशा पोकळीला क्लास टू म्हणतात.

१. पेशंट खुर्चीत येण्याआधी

हवा तपासा. थ्री-वे सिरिंजची (खुर्चीच्या हवा-पाण्याच्या नळीची) हवा स्वच्छ, कोरड्या आरशावर जवळून काही सेकंद सोडा, मग टिश्यू पेपरवर सोडा. आरशावर थेंब आले तर लाइनमध्ये पाणी आहे. कागदावर तेलकट डाग उठला तर कॉम्प्रेसरचं तेल येतंय. अशा हवेने वाळवलेलं इनॅमल डोळ्यांना वाळलेलं दिसतं, पण त्यावर बाँड (दात आणि कॉम्पोझिट जोडणारं पातळ द्रव) धरत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, टाकीत पाणी फार साचतं, म्हणून रोज टाकीचा कॉक उघडून ते काढा आणि लाइनवर फिल्टर ठेवा. हँडपीसला (ड्रिलला) तेल दिल्यावर तो तोंडाबाहेर थोडा वेळ चालवून जास्तीचं तेल उडवून टाका.

लाइट मोजा. रेडिओमीटरवर (प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर) किमान १००० मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर हवेत. साध्या मीटरचा आकडा तंतोतंत नसतो. म्हणून लाइट नवा असतानाचा आकडा लिहून ठेवा आणि दर आठवड्याला त्याच मीटरवर तुलना करा. आकडा घसरला की आधी टोक पाहा. बहुतेक वेळा तिथे आधीच्या केसचं कॉम्पोझिट चिकटलेलं असतं.

बाँडिंगची बाटली फ्रीजमधून आधीच बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार बाँड घट्ट असतो, त्यातलं द्रावक नीट उडत नाही, शिवाय बाटलीवर दमट हवेचं पाणी धरतं. थेंब मात्र लावायच्या क्षणीच काढा. भूल देतानाच डिशमध्ये काढून ठेवलेला बाँड पोकळीत जाईपर्यंत निम्मा उडालेला असतो. अॅसिटोन असलेले बाँड तर उन्हाळ्यात काही मिनिटांत बिघडतात.

> तपासा: अलीकडे दातांचं ब्लीचिंग झालंय का? झालं असेल तर किमान एक ते दोन आठवडे थांबा. दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनला घट्ट होऊ देत नाही. युजेनॉल (लवंगतेलातला घटक) असलेलं तात्पुरतं फिलिंग असेल तर ते पूर्ण काढून प्युमिस (घासायची बारीक पूड) आणि पाण्याने भिंती घासा.

२. दात सुका ठेवता येणार आहे का, ते आधी ठरवा

रबर डॅमला (दात लाळेपासून वेगळा ठेवणाऱ्या रबराच्या पडद्याला) वेळ लागतो ही तक्रार नेहमीची आहे. पण खालच्या दाढेजवळ एका बाजूला जीभ, दुसऱ्या बाजूला गाल आणि सतत येणारी लाळ असताना कापसाच्या रोलवर तळाची कड पाच-सात मिनिटं कोरडी राहील, ही आशाच आहे. क्लॅम्प (डॅम धरून ठेवणारा चिमटा) दुसऱ्या दाढेवर लावा आणि डॅम सुळ्यापर्यंत किंवा निदान पहिल्या उपदाढेपर्यंत न्या. एकाच दाताला भोक पाडलेला डॅम क्लास टू साठी उपयोगाचा नाही, कारण मॅट्रिक्स (फिलिंगला बाहेरून भिंत देणारी पातळ पट्टी) आणि वेज (दातांमध्ये घालायची पाचर) बसायला शेजारचा दात मोकळा हवा.

डॅमची कड दाताभोवती आत वळवा. हवेने दाताची मान (हिरडीजवळचा भाग) वाळवायची, बोथट इन्स्ट्रुमेंटने रबर आत ढकलायचं, मग फ्लॉसने खाली बसवायचं. कड वळली नसेल तर लाळ तिथूनच झिरपते. जिथून पाझर दिसतो तिथे टेफ्लॉन टेप दाबून भरा.

डॅम बसला की बर (ड्रिलचं कापणारं टोक) लावण्याआधीच वेज घाला. याने हिरडीचा मधला भाग आणि रबर बरपासून वाचतं, आणि दात थोडे विलग होतात. पुढे मॅट्रिक्सची जाडी भरून काढायला हीच जागा कामी येते.

> सावध: डॅम बसतच नाही, कड हिरडीखाली आहे आणि रक्त थांबत नाही, अशा वेळी त्या दिवशी कॉम्पोझिट भरू नका. ग्लास आयोनोमर (दाताला स्वतःच चिकटणारं सिमेंट) भरा, हिरडी बरी होऊ द्या, मग पुन्हा बोलवा. ओल्या कडेवर भरलेल्या कॉम्पोझिटपेक्षा नीट भरलेलं ग्लास आयोनोमर केव्हाही बरं.

३. पोकळी: कड स्वच्छ, आतला भाग संयमाने

कीड काढण्याचा क्रम बाहेरून आत ठेवा. इनॅमल आणि डेंटिन (इनॅमलखालचा थर) जिथे मिळतात तिथून आत सगळीकडे १.५ ते २ मिमीचा पट्टा पूर्ण कडक, निरोगी डेंटिनचा हवा. पल्पच्या (दाताच्या नसेच्या) वर मऊसर थर राखून ठेवता येतो, कडेजवळ कधीच नाही. किडीने मऊ झालेल्या डेंटिनवरची पकड निरोगी डेंटिनपेक्षा कमी असते, आणि गळती कडेपासूनच आत शिरते.

बॉक्सच्या बाजूच्या आणि तळाच्या कडा शेजारच्या दातापासून साधारण अर्धा मिमी मोकळ्या करा. कड शेजारच्या दाताला टेकलेली असेल तर ती ना तपासता येते, ना मॅट्रिक्सने झाकता येते, ना घासता येते. आतले कोन गोल ठेवा. चावण्याच्या पृष्ठभागावर बेव्हल (तिरकी कापलेली कड) नको. तिथे पातळ पापुद्रा तयार होतो आणि चावताना तुटतो.

तळाच्या कडेला आधार नसलेलं इनॅमल राहतं आणि ते सहज नजरेतून सुटतं. मानेजवळ इनॅमलचे प्रिझम (सूक्ष्म दांडे) किंचित मुळाच्या दिशेने कललेले असतात, त्यामुळे सरळ कापलेल्या कडेवर सैल प्रिझम उरतात. कॉम्पोझिट त्यांना घट्ट धरतं, पण आकसताना ते प्रिझमच दातापासून सुटतात. अशा वेळी बाँड टिकूनही फट पडते. जिंजायव्हल मार्जिन ट्रिमर (तळाची कड तासायचं हातातलं अवजार) किंवा बारीक दाण्याचा डायमंड घेऊन ही कड हलक्या हाताने साफ करा.

आता प्रोबने (मापाच्या खुणा असलेल्या अवजाराने) मोजा, तळाला किती इनॅमल उरलंय.

साधारण १ मिमी किंवा जास्त असेल तर पुढचा क्रम जसाच्या तसा चालवा.

इनॅमल अगदी नावापुरतं असेल किंवा कड सिमेंटमवर (मुळाच्या आवरणावर) गेली असेल, तर तळाला रेझिन मॉडिफाइड ग्लास आयोनोमरचा थर द्या आणि त्यावर कॉम्पोझिट भरा. याला ओपन सँडविच म्हणतात. त्यासाठी पॉलिअॅक्रिलिक अॅसिड कंडिशनर १० ते २० सेकंद लावून धुवा. साधं ग्लास आयोनोमर उघड्या कडेला कालांतराने विरघळतं, म्हणून या ठिकाणी ते वापरू नका. डॅम कडेच्या खाली नक्की बसत असेल तर फ्लोएबलने (पातळ, वाहत्या कॉम्पोझिटने) कड वर उचलण्याचा पर्यायही आहे, पण त्यात ओलावा अजिबात चालत नाही.

कड हाडापासून साधारण ३ मिमीपेक्षा जवळ असेल तर क्राऊन लेंग्थनिंगचा (हिरडी आणि हाड खाली घेऊन दात जास्त उघडा करण्याचा) विचार आधी करा. तिथे कितीही काळजीने फिलिंग केलं तरी हिरडी सुजलेलीच राहते.

लायनर (पल्पचं रक्षण करणारं अस्तर) लागलंच तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड फक्त सगळ्यात खोल बिंदूवर द्या. भिंतींवर पसरलेलं लायनर बाँडची जागा खातं.

४. मॅट्रिक्स आणि वेज

आकार दिलेला सेक्शनल मॅट्रिक्स आणि रिंग वापरा. गोल टॉफलमायर पट्टी सपाट असते, त्यामुळे कॉन्टॅक्ट (दोन दात टेकतात ती जागा) वर सरकतो आणि खाली फट राहते. तीच वापरायची असेल तर आधी बर्निशरने तिला फुगवटा द्या.

मॅट्रिक्सची खालची कड बॉक्सच्या तळाच्या साधारण १ मिमी खाली जायला हवी. आधी घातलेला वेज काढून मॅट्रिक्स बसवा आणि मग योग्य मापाचा वेज घाला, सहसा जिभेच्या बाजूने, कारण दातांमधली जागा त्या बाजूला मोठी असते. वेजचा माथा बॉक्सच्या तळापेक्षा वर आला तर तो पट्टी आत ढकलतो आणि कॉम्पोझिटला खड्डा पडतो. फार खाली राहिला तर पट्टी दाताला चिकटत नाही. मुळाला खोबण असेल, वरच्या पहिल्या उपदाढेला पुढच्या बाजूने ती हमखास असते, तर एकटा वेज पुरत नाही. पट्टी आणि वेजमध्ये टेफ्लॉन टेप भरा.

> तपासा: बारीक एक्सप्लोरर (तपासणीची टोकदार सुई) बॉक्सच्या तळावरून पट्टीपर्यंत न्या. टोक दात आणि पट्टीच्या मध्ये शिरलं तर फट आहे. नंतर तिथे लोंबतं कॉम्पोझिट मिळेल किंवा रक्त आत येईल. हे आत्ताच नीट करा. एच केल्यावर (अॅसिडने खरवडल्यावर) वेज हलवणं म्हणजे रक्ताला वाट देणं.

रक्त थोडं आलंच तर २५ टक्के अॅल्युमिनियम क्लोराइड लावता येतं, पण ते डेंटिनवर राहिलं तर बाँडला मारतं. भरपूर पाण्याने धुवा आणि ती कड प्युमिसने घासा. फेरिक सल्फेटचे काळे गोळे कडेला चिकटून राहतात, म्हणून या कामात ते टाळलेलं बरं.

५. एचिंग

इनॅमलला फॉस्फोरिक अॅसिड लागतंच. डब्यावर सेल्फ-एच (वेगळ्या अॅसिडशिवाय स्वतःच खरवडणारा) लिहिलेलं असलं तरी सौम्य बाँड न कापलेल्या आणि जाड इनॅमलवर पुरेसा खोल खरवडत नाही. म्हणून युनिव्हर्सल बाँड वापरताना ३७ टक्के जेल फक्त इनॅमलच्या कडांवर १५ ते ३० सेकंद लावा. टोटल-एच (इनॅमल आणि डेंटिन दोन्हीवर अॅसिड) करत असाल तर सुरुवात इनॅमलपासून करा. १५ सेकंदांनी जेल डेंटिनवर न्या आणि तिथे १५ सेकंदांच्या वर ठेवू नका. जास्त एच झालेल्या डेंटिनमध्ये कोलॅजन (प्रथिनाचं जाळं) इतकं खोल उघडं पडतं की बाँड तळापर्यंत पोहोचत नाही.

तळाच्या कोपऱ्यात जेलखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेवढी कड एच होतच नाही. सिरिंजचं टोक कोपऱ्यात टेकवून जेल सोडा, मग मायक्रोब्रशने कड ओळीने फिरवा.

धुताना पाण्याची धार थेट बॉक्सच्या तळाला मारा, किमान १५ सेकंद. सक्शन शेजारीच हवं.

> तपासा: वाळवल्यावर इनॅमल पांढरं, खडूसारखं दिसतं का? चावण्याच्या कडेवर पाहून थांबू नका. आरशाने तळाची कड बघा.

डेंटिन टोटल-एचमध्ये किंचित ओलसर चमकतं असायला हवं. दमट मायक्रोब्रशने किंवा कापसाच्या लहान बोळ्याने पाणी टिपा. चुकून कोरडं पडलं तर पाण्यात भिजवलेला मायक्रोब्रश काही सेकंद टेकवा आणि पुन्हा टिपा. तळाला पाणी साचलेलं असणंही तितकंच वाईट.

६. बाँडिंग

इथे घाई सगळ्यात महाग पडते. बाँड नव्या मायक्रोब्रशने २० सेकंद घासून लावा, नुसता पुसू नका. बॉक्सचे कोपरे आणि तळ दोनदा घ्या. कंपनीने दोन थर सांगितले असतील तर दोन द्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रायमर आणि बाँड मिसळू नका.

मग हवा. आधी लांबून हलकी, नंतर जवळून वाढवत न्या, किमान ५ सेकंद. थर हवेने हलायचा थांबेपर्यंत थांबू नका. द्रावक आत राहिलं तर थर मऊ राहतो, पाणी शोषतो आणि पकड हळूहळू जाते. पृष्ठभाग सगळीकडे सारखा चकाकायला हवा. कुठे मंद दिसला तर तिथे पुन्हा लावा.

पट्टी आणि तळाच्या कोपऱ्यात बाँडचं डबकं साठतं. ते कोरड्या मायक्रोब्रशने टिपून घ्या. साठलेला बाँड एक्स-रेमध्ये काळी रेघ म्हणून दिसतो आणि पुढचा डॉक्टर ती कीड समजून चांगलं फिलिंग काढून टाकतो.

क्युअरसाठी पाकिटावर १० सेकंद लिहिलेलं असतं. ते अंतर जवळ धरून ठरवलेलं असतं. बॉक्सचा तळ लाइटच्या टोकापासून ६ ते ८ मिमी लांब असू शकतो, म्हणून इथे २० सेकंद द्या.

> सावध: बाँड क्युअर होण्याआधी लाळ लागली तर धुवा, वाळवा, पुन्हा बाँड लावा. रक्त लागलं तर धुणं पुरत नाही. त्या जागेवर पुन्हा एच करून बाँडिंग पहिल्यापासून करा.

७. तळाचा पहिला थर

तळावर फ्लोएबलचा अर्धा मिमी थर द्या, १ मिमीच्या वर नको. सिरिंजचं टोक एका कोपऱ्यात टेकवा, फ्लोएबल सोडत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न्या, मध्ये टोक उचलू नका. उचललं की बुडबुडा. एक्सप्लोररने कडेवरून हलकेच फिरवून हवा बाहेर काढा. फ्लोएबल एक्स-रेवर स्पष्ट पांढरं दिसणारं निवडा. तळाला पारदर्शक दिसणारं मटेरियल असेल तर पुढे कीड ओळखताच येणार नाही.

हा थर जाड करण्याचा मोह होतो, कारण तो सहज वाहतो आणि काम पटकन पुढे जातं. पण फ्लोएबलमध्ये फिलर (भरीचे घट्ट कण) कमी आणि आकसणं जास्त असतं. त्याचं काम फक्त कोपरे ओले करून भरण्याचं.

८. भिंत आधी, मग आतलं

आता पट्टीला लागून बाहेरची भिंत मार्जिनल रिजपर्यंत (दाताच्या वरच्या कडेच्या उंचवट्यापर्यंत) उभी करा, साधारण १ मिमी जाडीची. क्युअर झाली की क्लास टू पोकळी क्लास वन (फक्त वरून उघडी) झाली. मग आतला भाग २ मिमीपर्यंतच्या तिरक्या थरांनी भरा. एकच थर समोरासमोरच्या दोन भिंतींना एकाच वेळी चिकटला तर आकसताना दोघींना आत ओढतो. गाल-बाजूच्या भिंतीचा थर आणि जीभ-बाजूच्या भिंतीचा थर वेगळा क्युअर करा.

बल्क फिल (जाड थरात भरायचं कॉम्पोझिट) वापरत असाल तर एका थराची मर्यादा बहुतेक ४ मिमी असते. प्रोबने खोली मोजा. रिजपासून तळापर्यंत ५ ते ६ मिमीची बॉक्स नेहमी भेटते आणि ती एकाच थरात भरणं चुकीचं.

इन्स्ट्रुमेंट चिकटतं म्हणून ते बाँडच्या थेंबात बुडवण्याची सवय सोडा. त्यातलं द्रावक थरांच्या मध्ये अडकतं. टोक कोरड्या गॉझने पुसत राहा. डेंटल चेअरचा दिवाही थेट पोकळीवर ठेवू नका, कॉम्पोझिट घडवतानाच ते घट्ट व्हायला लागतं.

प्रत्येक थराला किमान २० सेकंद, तळाच्या थराला ४०. लाइटचं टोक चावण्याच्या पृष्ठभागाला समांतर आणि शक्य तितकं जवळ ठेवा. नारिंगी चष्मा घालून टोकाकडे पाहत राहा. नजर दुसरीकडे गेली की हात सरकतो आणि अर्धा प्रकाश गालावर पडतो. सलग क्युअर करताना मध्ये हवा मारा, म्हणजे दात तापणार नाही.

पट्टी आणि वेज काढल्यावर गालाच्या आणि जिभेच्या बाजूने आणखी २० सेकंद. ही पायरी बरेच जण गाळतात. मॅट्रिक्सच्या सावलीत राहिलेल्या कडेला प्रकाश मिळण्याची ही शेवटची संधी असते.

९. फिनिशिंग आणि कड पुन्हा बंद करणं

तळाला जास्तीचं कॉम्पोझिट राहिलं असेल तर १२ नंबरच्या ब्लेडने पातळ पापुद्र्यात काढा, मग स्ट्रिप कॉन्टॅक्टच्या खालून चालवा. वरून ओढलेली स्ट्रिप कॉन्टॅक्टच घासून टाकते. बारीक डायमंड किंवा कार्बाइड बर पाणी चालू ठेवून, कॉम्पोझिटकडून दाताकडे फिरवा. कोरड्या, दाबलेल्या बरने कडेच्या इनॅमलला तडे जातात. पॉलिश केल्यावर फिलिंगभोवती दिसणारी पांढरी रेघ बहुतेक वेळा तीच असते.

चावा तपासून झाल्यावर कडांना १० ते १५ सेकंद एच करा, धुवा, वाळवा, फिलर नसलेलं पातळ रेझिन लावा, हवेने पसरवा आणि २० सेकंद क्युअर करा. फिनिशिंगमध्ये उघडलेल्या सूक्ष्म फटी याने भरतात. चुकलेली तळाची कड मात्र याने दुरुस्त होत नाही.

> तपासा: एक्सप्लोरर दाताकडून फिलिंगकडे आणि उलटही फिरवा. दोन्हीकडे अडकला तर फट, एकाच दिशेला अडकला तर पायरी. फ्लॉस टच्चकन खाली जावा, पण त्याचे धागे सुटू नयेत. शेवटी बाइटविंग एक्स-रे. आज काढलेला एक्स-रे पुढच्या प्रत्येक तुलनेचा आधार असतो.

१०. पेशंट परत आला तर काय समजायचं

चावताना कळ येत असेल तर आधी उंच जागा शोधा. ती नसेल आणि दाब सोडताना कळ येत असेल, तर फिलिंगखाली फट आहे किंवा दाताला तडा आहे. गारव्याची सौम्य शिरशिरी काही दिवसांत कमी होते. दोन-तीन आठवड्यांनंतरही चावताना दुखत असेल तर वरवर पॉलिश करत बसू नका. फिलिंग काढा आणि तळ पाहा.

चावण्याच्या कडेला तपकिरी रेघ दिसली म्हणजे कीड लागली असं नाही. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या पेशंटमध्ये ती लवकर उमटते. रेघेखालचा भाग कडक असेल तर डाग पॉलिश करा. कडेचा छोटा भाग तुटला असेल तर तेवढाच दुरुस्त करा: बारीक डायमंडने किंवा ५० मायक्रॉन अॅल्युमिनाने जुनं कॉम्पोझिट खरखरीत करायचं, एच, सायलेन (जुन्याला नवं जोडणारं द्रव), बाँड आणि नवं कॉम्पोझिट. पूर्ण फिलिंग काढलं की दर वेळी निरोगी दातही थोडा जातो.

तळाच्या कडेला डाग किंवा मऊपणा असेल तर मात्र बाइटविंग काढल्याशिवाय निर्णय घेऊ नका. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेशेजारी तो ठेवून पाहा. तीच काळी रेघ पहिल्या दिवशीही तितकीच असेल तर ते बाँडचं डबकं आहे. वाढली असेल तर बॉक्स उघडा.